सोलो सगळेच ऐकतात, त्याच्या मागचं ऐक

टेपचं पहिलं रीळ मशीनवर चढवून प्लेचं बटण दाबलं, तर गिटारऐवजी किंचाळी ऐकू आली. तेल न घातलेल्या बिजागरीसारखी, लांबलचक. मी झटकन मशीन बंद केलं, पण तेवढ्यात हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी, चिकट थर बसलाच होता. त्या थरात चाळीसेक वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगची एक-दोन सेकंदं होती आणि ती मी आता स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून टाकणार होते.

सर शेजारच्या खुर्चीत बसले होते.

"माझाच सोलो होता का गं?"

"काय माहीत. काही कळायच्या आतच बंद केलं."

"असला तर बरंच झालं म्हणायचं," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून सोडून दिलं. पुढच्या चौदा महिन्यांत तो विनोद नव्हता हे मला हळूहळू कळत गेलं.

काम वरवर साधं होतं. सर पन्नासहून जास्त वर्षं जॅझ गिटार वाजवतायत. एका छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतून निवडक असा दोन एलपींचा, म्हणजे मोठ्या तबकड्यांचा, संच काढायचं ठरवलं. जुन्या फिती डिजिटल करायच्या, त्यातून निवडायचं, क्रम लावायचा, मास्टरिंग म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात फिरवायचा. कंपनी म्हणाली तीन महिने. मी सरांकडे तरुणपणी सहा वर्षं गिटार शिकले आणि मग रेकॉर्डिंगच्या बाजूला गेले. (गेले म्हणजे त्यांनीच पाठवलं. "तुझ्या बोटांपेक्षा तुझा कान पुढे आहे," हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं होतं की राग यायला मला दोन दिवस लागले.) तेव्हा हे काम माझ्याकडे येणं ओघानेच होतं.

एकूण ४१ रिळं, १३० च्या आसपास कॅसेट आणि मूठभर डॅट, म्हणजे डिजिटल टेपच्या छोट्या कॅसेट. खोक्यांवर सरांच्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं. 'बरं', 'पाऊस', 'पियानो वाईट', 'परत ऐकणे'. तारीख क्वचितच. एका खोक्यावर फक्त 'नाही' असं लिहिलेलं होतं आणि त्यात नेमकं काय नाही, ते सरांनाही आठवेना.

त्या किंचाळीचं कारण जुनंच आहे. फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडची पूड चिकटवून ठेवायला जो पॉलियुरेथेनचा लेप वापरतात, तो हवेतली आर्द्रता ओढून घेतो आणि वर्षांनुवर्षांनी चिकट होतो. साधारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंतच्या कितीतरी फिती या रोगाने ग्रासलेल्या आहेत. उपाय ऐकायला वेडगळ वाटतो, पण तो खरंच चालतो. रीळ पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसच्या मंद, स्थिर उष्णतेत आठेक तास, कधी त्याहून जास्त ठेवायचं. ओल निघून जाते, लेप तात्पुरता घट्ट होतो आणि काही आठवडे फीत नीट वाजते. तेवढ्यात उतरवून घ्यायची. घरातली भट्टी मात्र यासाठी चुकूनही वापरू नये, तिचं तापमान फार वरखाली होतं. मी एका प्रयोगशाळेतून इन्क्युबेटर उसना आणला. आणि हो, त्याहून जुन्या अ‍ॅसिटेटच्या फिती कधीच तापवायच्या नाहीत, त्या कायमच्या खराब होतात. रीळ उजेडासमोर धरलं आणि गुंडाळीतून प्रकाश आरपार दिसला, तर ती अ‍ॅसिटेट. आमच्याकडे अशी सात निघाली आणि ती सातही एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकासारखी कुरकुरत का होईना, पण वाजली.

"भाजतेस तू माझं संगीत," सर इन्क्युबेटरच्या काचेतून आत बघत म्हणाले. "किती वेळाने उलटायचं?"

पुढचं काम कंटाळवाणं. फीत वेगाने उतरवता येत नाही, जेवढ्या तासांची तेवढे तास बसावं लागतं. पंधरा इंच प्रतिसेकंद वेगाने २५०० फुटांचं रीळ ३३ मिनिटं चालतं, साडेसात इंचांवर त्याच्या दुप्पट. प्रत्येक वेळी हेडचा कोन फितीला जुळवायचा, नाहीतर वरच्या पट्टीतला सगळा करकरीतपणा जातो. असे एकूण नव्वद तास झाले.

त्यात एक गोष्ट मात्र मजेची घडली. एका रिळावर बी फ्लॅटमधला ब्लूज होता, पण वाजत होता बी फ्लॅट आणि त्याच्या लगतचा खालचा स्वर ए यांच्या मधोमध कुठेतरी. सर अस्वस्थ. म्हणाले, पियानो उतरलेला असणार, त्या हॉलचा पियानो तसाच होता. मला शंका आली ती मशीनच्या वेगाची. पण नक्की कसं ठरवणार? त्या रेकॉर्डिंगमध्ये अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण होती, सरांना कायम खटकणारी. विजेच्या प्रवाहाची ती गुणगुण, जिथे ते वाजवलं तिथे ५० हर्ट्झची. मी मोजली तर ४८.६ निघाली. म्हणजे फीत जवळजवळ तीन टक्के हळू चालत होती, सुमारे अर्धा सेमीटोन, म्हणजे त्या दोन लगतच्या स्वरांतलं निम्मं अंतर. वेग त्या हिशोबाने वाढवला आणि सगळा बँड एकदम ताठ उभा राहिला. पियानो सुरात. ड्रमवाल्याचे हात हलके. चाळीस वर्षं सर त्या बिचाऱ्या पियानोला दोष देत होते.

"आणि ज्या आवाजाला शिव्या घातल्या, त्यानेच सोडवलं," मी म्हटलं.

"अ‍ॅम्पवाल्याला सांगू नकोस."

मग ऐकण्याच्या बैठका सुरू झाल्या. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. त्याहून जास्त नाही, कान थकला की सगळंच चांगलं तरी वाटतं किंवा सगळंच वाईट. पहिल्याच दिवशी सरांनी खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ केली. पडद्यावर आवाजाच्या लाटा सरकत असतात. त्या दिसल्या की सोलो कधी येणार ते आधीच कळतं, मग माणूस ऐकत नाही, वाट बघतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातात एक वही. आवडलं की ते त्यात टिकमार्क करत आणि बोटाने मला खूण करत. मी वेळ नोंदवून ठेवत असे.

माझी वही वेगळी होती. तिच्यात मी सोलोंना गुण देत होते. सूर, लय, कल्पना, रेकॉर्डिंगचा दर्जा. अगदी परीक्षकासारखी. माझ्या मते पंधरा-सोळा सोलो असे होते की ज्यांच्याभोवती अल्बम आपोआप उभा राहिला असता.

अकरावी बैठक झाली तेव्हा मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. त्यांच्या ३८ टिका होत्या. त्यातल्या ३१ दुसऱ्या कुणाच्या तरी सोलोवर पडल्या होत्या. सॅक्सोफोन, पियानो, ट्रंपेट, एक-दोनदा बेस. माझ्या आवडत्या सोळांपैकी एकावरही टीक नव्हती.

मला वाटलं, वेळेच्या नोंदींत माझीच गडबड झालीये. पुढच्या बैठकीत मी मुद्दाम लक्ष ठेवलं. सरांचा सोलो सुरू झाला की ते पाण्याचा पेला उचलत. संपला आणि पियानो पुढे सरसावला की पेला खाली, मान पुढे.

"सर, तुम्ही तुमचे सोलो ऐकतच नाही."

"अगं, सोलो सगळेच ऐकतात. त्याच्या मागचं ऐक."

त्याच्या मागचं म्हणजे कॉम्पिंग. आपल्या भाषेत साथसंगत म्हणता येईल, पण नेमकं तेवढंच नाही. जॅझमध्ये सोलो वाजवणारा पुढे जातो तेव्हा गिटार किंवा पियानो मागून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, देत राहतो. कुठे, किती, केव्हा, हे लिहिलेलं नसतं. सर शिकवताना सहा तारांतल्या दोनच वापरायला लावायचे. कॉर्डचा मूळ स्वर बेसवाला देतोच आहे, तू कशाला देतेस? तिसरा आणि सातवा, बास. त्या दोन स्वरांत कॉर्ड मेजर की मायनर की डॉमिनंट हे कळतं, आणि बाकीची जागा पुढच्या माणसाला मोकळी मिळते. मला तेव्हा ते कंजूषपणाचं वाटायचं. एवढी महागडी, पोकळ पोटाची आर्चटॉप गिटार घ्यायची आणि दोन तारा वाजवायच्या!

त्यांचं दैवत फ्रेडी ग्रीन. हा गिटारवाला १९३७ मध्ये काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात आला आणि १९८७ मध्ये वारला तोवर तिथेच राहिला. पन्नास वर्षं, प्रत्येक बारमध्ये, म्हणजे तालाच्या प्रत्येक छोट्या भागात, चार ठोके, अ‍ॅम्प्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाहीच. रेकॉर्डवर त्याची गिटार शोधावी लागते. सापडत नाही, पण ती बंद झाली असती तर बँड लंगडला असता. जॅझ गिटारचा इतिहास सांगताना लोक मात्र चार्ली ख्रिश्चनपासून सुरू करतात. १९३९ मध्ये तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला, त्याने इलेक्ट्रिक गिटारला सॅक्सोफोनसारखं बोलतं केलं आणि १९४२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. हातात तीन वर्षंही धड नव्हती. सर म्हणतात, एकाकडे तीन वर्षं होती आणि त्याने सगळं बोलून टाकलं, दुसऱ्याकडे पन्नास होती आणि त्याने बोलणाऱ्यांना बोलू दिलं. दोघांशिवाय भागत नाही, पण निवडक अल्बम निघतो तो पहिल्याचाच.

तर यांना दुसऱ्या प्रकारचा अल्बम हवा होता. आता हे रेकॉर्ड कंपनीला कोण सांगणार?

मीच सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे गिटारवाल्याच्या अल्बममध्ये गिटार कमी?" मी म्हटलं, गिटार सगळीकडे आहे, फक्त पुढे नाही. मला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं, हे इथे कबूल करते. कलावंताने स्वतःच्या जुन्या कामातून स्वतः निवडण्याची पद्धत नवी नाही. ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने २००२ पासून 'रारुम' नावाची मालिका काढली, तिच्यात संगीतकारांनी आपापल्या रेकॉर्डिंगमधून आपणच वेचलं होतं. पॅट मेथेनी, बिल फ्रिझेल, जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी, टेर्ये रिपडाल हे गिटारवाले त्यात आहेत. पण त्यांनी स्वतःला वगळलेलं नव्हतं!

सगळ्यात मोठा वाद बत्तीस बारांवरून झाला. एका क्लबमधलं रेकॉर्डिंग, टेनर सॅक्सोफोनवाला पेटलेला. दुसऱ्या फेरीत सरांची गिटार थांबते आणि पुढचे बत्तीस बार ते काहीही वाजवत नाहीत. फक्त बेस, ड्रम्स आणि सॅक्स. सरांनी तिथे टीक केली होती.

"इथे तुम्ही वाजवतच नाही आहात."

"हो ना. अख्खे बत्तीस."

"मग टीक कशाला?"

"त्या वेळी मी फार घाबरलो होतो. लोकांना वाटेल याला पुढचं येत नाही. बँडवाल्यांना वाटेल हा झोपला. दर बारला हात वर जात होता आणि मी तो खाली आणत होतो. तो माणूस मात्र मोकळा सुटला होता, त्याला माझी कॉर्ड मध्ये नको होती. इतकं कठीण मी परत काही वाजवलं नाही."

मी ते पुन्हा लावलं. सहाव्या-सातव्या वेळी मला गिटारच्या अ‍ॅम्पची गुणगुण ऐकू आली, तीच ती. सूर नाही, पण अ‍ॅम्प चालू आहे, माणूस तिथेच आहे. बाहेर गेला नाही, वाट बघतोय. कंपनीने तो भाग कापायची सूचना दोनदा केली. तो राहिला.

पण मी सगळं मान्य केलं असं नाही. काही ठिकाणी सर तत्त्वाच्या आड लपत होते. स्वतःचे सोलो नाकारण्यामागे मोठेपणा थोडा आणि कानाची जुनी ठसठस जास्त होती. कुठलाही सोलो लावा, ते चूक सांगत. इथे पिक (तार छेडायची चकती) अडकली, इथे मुद्दाम अवघड केलं, इथे टाळ्यांसाठी वाजवलं. माणूस स्वतःचं बोलणं टेपवर ऐकून जसा अवघडतो, तसे ते पन्नास वर्षं अवघडलेले होते. आणि त्या अवघडलेपणाला ते 'आवड' म्हणत होते.

गिटारवादक पॅट मार्टिनोची गोष्ट मी त्यांना याच काळात परत सांगितली. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. १९८० मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याची आठवण इतकी पुसली गेली की गिटारही नव्याने शिकावी लागली, आणि त्या शिकण्यात त्याचे गुरू होते त्याचेच जुने रेकॉर्ड. १९८७ मध्ये तो परत मंचावर आला. मी म्हटलं, समजा तुमचं तसं झालं आणि शिकायला फक्त हा अल्बम हाताशी असला, तर तुम्ही सोलो वाजवायला शिकणारच नाही. सर हसले. "मग बँड मला लगेच कामावर घेईल," म्हणाले. हार माझीच.

मग एक दिवस ते रेकॉर्डिंग आलं. चौकडी, मंद लयीतलं गाणं, सरांचा सोलो. माझ्या वहीत त्याला सगळ्यात जास्त गुण. सरांनी पेला उचलला. "याच्यात सहाव्या बारला मी चुकलोय," म्हणाले. "भलतीकडेच गेलो. नको."

मी ते रात्री घरी घेऊन बसले. सहावा बार. वीस वेळा तरी ऐकला असेल. तिथे गाण्याच्या कॉर्डशी न जुळणारा स्वर आहे, हे खरं. पण मग मी बाकीची वाद्यं शक्य तितकी दाबून फक्त खालची पट्टी ऐकली, आणि कळलं की चुकला होता तो बेसवाला. एक बार आधीच पुढच्या कॉर्डवर गेला. त्याच क्षणी, अर्धा ठोकासुद्धा न दवडता, सरांची ओळ वाकली आणि त्याच्या मागे गेली. दीड बार दोघं चुकीच्या रस्त्यावर बरोबरीने चालले, मग सरांनी एक उतरता सूर असा टाकला की बेसवाल्याला घरचा रस्ता दिसला. ऐकणाऱ्याला वाटावं की हे असंच बसवलेलं होतं. इतकी वर्षं सरांना फक्त 'मी चुकलो' एवढंच आठवत होतं.

दुसऱ्या बैठकीत मी काही बोलले नाही. आधी फक्त बेस लावला, मग दोन्ही मिळून.

सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "परत लाव." मग पुन्हा "परत."

"बेसवाला आता नाही," ते म्हणाले. "त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे. कधी बोलला नाही."

"घ्यायचं?"

"घे. ही साथच आहे." आणि वहीत टीक केली. स्वतःच्या सोलोवरची पहिली.

त्यानंतर बैठकांचा सूर जरा बदलला. म्हणजे ते एकदम उदार झाले असं नाही, पण पेला टेबलावरच राहायला लागला.

सगळ्यात हट्टाची लढाई त्या वेगवान तुकड्याची. सरांच्या पहिल्या एलपीवरचा, ज्याच्यासाठी त्यांना लोक ओळखतात. ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे एकच सूर दोन सप्तकांत एकदम धरून, झपाट्याने वाजवलेला. कंपनीने करारातच त्याचा उल्लेख केला होता. सर म्हणाले, तो मी नाही. तो गिटारवाल्या वेस माँटगोमेरीचा अंगठा आहे, माझ्या हाताला लावलेला. पिक सोडून अंगठ्याने वाजवणं, ते ऑक्टेव्ह, सगळं त्याचं. मी म्हटलं, पण वेससुद्धा चार्ली ख्रिश्चनचे सोलो रेकॉर्डवरून जसेच्या तसे पाठ करूनच सुरू झाला होता.

"हो, पण स्वतःच्या रेकॉर्डवर त्याने स्वतःचं वाजवलं."

यावर मला उत्तर सुचलं नाही, पण तुकडा मी घेतलाच. पंचविशीतला माणूस कुणाच्या तरी प्रेमात पडून वाजवतोय, हेसुद्धा कारकिर्दीत घडलेलं आहे. ते लपवलं तर पुढचं सगळं आकाशातून पडल्यासारखं वाटतं. इथे मी बरोबर होते असं मला आजही वाटतं. सरांना आजही वाटत नाही.

हक्कांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यातला त्रास सांगण्यासारखा आहे पण सुरस नाही. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, गाण्याचा वेगळा. सरांचे सुरुवातीचे तीन एलपी ज्या कंपनीने काढले ती केव्हाच बंद पडली, तिचा साठा दुसरीने घेतला, तिचा तिसरीने. तिसरीला आपल्याकडे हे आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्याकडे काय आहे ते त्यांना पटवून द्यायचं आणि मग तेच त्यांच्याकडून विकत घ्यायचं, यात पाच महिने गेले. एक सुंदर त्रिकूट या भानगडीत बाहेर राहिलं. मास्टर, म्हणजे मूळ फीत, कुणाकडे आहे ते कळलं, पण त्यांनी पत्राला उत्तरच दिलं नाही.

क्रम लावताना पुन्हा मजा आली. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. शिवाय तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या एकाच गतीने फिरत असली, तरी आतलं वर्तुळ लहान, त्यामुळे सुईखालून खाच जाते ती बाहेरच्या निम्म्याहूनही कमी वेगाने. आत येईल तसा वरच्या स्वरांचा चकचकीतपणा मंदावतो आणि जोरकस वाजवलेलं फाटू शकतं. म्हणून शांत गाणी आत, दणदणीत बाहेर. तो वेगवान तुकडा त्यामुळे तिसऱ्या बाजूच्या अगदी सुरुवातीला गेला. "छान," सर म्हणाले, "सुई उचलून पुढे ठेवायला सोपं."

काळाप्रमाणे क्रम लावायला दोघांचाही विरोध होता. सत्तरचं दशक, मग ऐंशीचं, मग नव्वदचं, असं ऐकताना माणूस संगीत सोडून वय मोजायला लागतो. आम्ही लयीने आणि स्वराने जोडत गेलो. एक गाणं जिथे संपतं त्याच्या शेवटच्या स्वराला पुढच्याचा पहिला स्वर कसा भेटतो, ते बघत. मधल्या शांततेची लांबी सर टाळी देत ठरवायचे. संपलेल्या गाण्याची लय मनात चालू ठेवायची, चार मोजायचे किंवा सहा, आणि मग पुढचं. पडद्यावर ती शांतता कधी २.३ सेकंद निघायची, कधी ३.१. कंपनीच्या माणसाने सगळीकडे सरसकट दोन सेकंद ठेवून पाठवली, तर सरांना पहिल्याच जागी कळलं.

पियानोबरोबरच्या एका युगुल रेकॉर्डिंगमध्ये वेगळाच प्रश्न आला. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्ड देणारी वाद्यं, दोन्ही साधारण एकाच पट्टीत, ड्रम्स-बेस कुणी नाही. एकमेकांच्या पायांवर पाय पडायची हमी. गिटारवाला जिम हॉल आणि पियानोवाला बिल इव्हान्स यांनी १९६२ मध्ये 'अंडरकरंट' या अल्बममध्ये ते ज्या अदबीने निभावलं, त्यानंतर कुठल्याही गिटारवाल्याला ही जोडी म्हणजे परीक्षाच वाटते. सरांचं रेकॉर्डिंगही सुरेख होतं, पण सुरुवातीच्या कॉर्डच्या साधारण दीड सेकंद आधी तीच कॉर्ड पुसट, भुतासारखी ऐकू यायची. फीत वर्षांनुवर्षं गुंडाळून ठेवली की एका थरातलं चुंबकत्व शेजारच्या थरात उतरतं. म्हणून तर जाणकार रीळ शेवट बाहेर राहील असं गुंडाळून ठेवतात, म्हणजे तो पडसाद मूळ आवाजाच्या मागे दडतो. हे रीळ उलटं ठेवलं गेलं होतं. मी ते भूत काढून टाकलं. सर म्हणाले, बरं केलंस, आधी सांगून मग वाजवणारे मला आवडत नाहीत.

मास्टरिंगमध्ये आम्ही जवळजवळ काहीच केलं नाही. हल्ली गाणी ऐकवणाऱ्या सेवा आवाजाची पातळी आपणच सारखी करून टाकतात, त्यामुळे जोर लावून दाबलेल्या मास्टरचा फायदा उरलेला नाही. ड्रमवाल्याचा ब्रश स्नेअर ड्रमवर फिरतो तेव्हा तो खरंच हळू ऐकू यायला हवा, एवढं जपलं. एक नवं गाणं ध्वनिमुद्रित करून शेवटी जोडावं अशी कंपनीची इच्छा होती. सर "नको" म्हणाले, आणि त्याहून जास्त काही बोलले नाहीत.

उरली अल्बमसोबतची पुस्तिका. तेरा गाणी, प्रत्येकाखाली वाजवणाऱ्यांची नावं. इथे सर सगळ्यात काटेकोर. आपलं नाव शेवटी, बाकीचे आधी. बारा गाण्यांची यादी एका दुपारी झाली. तेरावं अडलं.

ते त्याच बत्तीस बारांचं रेकॉर्डिंग. क्लबमधली साधी कॅसेट. नेहमीचा ड्रमवाला त्या रात्री आला नव्हता, कुणीतरी बदली आला होता. आणि काय वाजवलंय त्याने! गिटार थांबते तेव्हा सगळं ओझं त्याच्यावर येतं, आणि तो आवाज वाढवत नाही, उलट एक पायरी खाली उतरतो. खरं तर सॅक्सोफोनवाल्याला उडायला आकाश मिळालं ते त्याच्यामुळे. सर हे दरवेळी म्हणायचे. पण त्याचं नाव काही केल्या आठवेना. त्याच्या बुटांची एक नाडी सुटलेली होती आणि तिसऱ्या गाण्याला ती पेडलमध्ये अडकली, हे आठवत होतं. नाव नाही.

सॅक्सोफोनवाल्याला फोन केला. त्याने छातीठोकपणे एक नाव सांगितलं. त्या माणसाला शोधून काढलं, रेकॉर्डिंग पाठवलं. तीन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, की हा मी नाही, पण असतो तर फार बरं झालं असतं. क्लब बंद होऊन जमाना झाला. आणखी दोघा-तिघांना विचारलं. एकाने तर, कुणाचंही नाव टाका, एवढ्या वर्षांनी कोण विचारतंय, असा सल्ला दिला. सर त्याच्याशी पुढे बोललेच नाहीत.

मी म्हटलं, 'अज्ञात' लिहू. सर नको म्हणाले. अज्ञात कसा? मला तो चांगला माहीत आहे, नाव तेवढं माहीत नाही. मग 'बदली वादक'? तेही नको. शेवटी ठरलं की 'ड्रम्स' लिहायचं आणि पुढे जागा मोकळी सोडायची. एक नाव मावेल एवढी.

पहिलं प्रूफ आलं त्यात ती ओळच गायब होती. रिकामी म्हणून कुणीतरी काढून टाकली. परत पाठवलं. दुसऱ्या प्रुफात ओळ होती, पण पुढे एक छोटी आडवी रेघ. सरांनी लाल पेनने ती खोडली. तिसऱ्या वेळी छपाईच्या आदल्या दिवशी फोनच आला, पुस्तिकेत एक चूक राहिलीये, शेवटच्या पानावर ड्रम्सच्या पुढे नाव टाकायचं विसरलंय. मी समजवायला लागले, तेवढ्यात सरांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"राहिलंय, माहीत आहे," ते म्हणाले. "तसंच छापा. जागा मात्र कमी करू नका."